विद्यापीठातल्या किड्यांच्या पेट्या नक्की कशासाठी जपतात?

बांधावरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, बीएस्सी ॲग्रीला आहे, एन्टोमॉलॉजीच्या (कीटकशास्त्राच्या) प्रॅक्टिकलला इन्सेक्ट कलेक्शन सबमिट करायचंय. ते चालूच आहे (आईला फ्रीजरमध्ये डब्यात नाकतोडे सापडले, मग काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगत नाही). पण परवा सरांनी डिपार्टमेंटमधली कपाटं उघडून दाखवली, एकाच जातीचे कितीतरी भुंगे ओळीने टाचलेले, सगळे सेम टू सेम, वर डांबरगोळीचा वास. आता मोबाइलवर मॅक्रो फोटो एवढा भारी येतो, डीएनए टेस्ट पण होते, मग हे सगळं सांभाळायचं कशाला? चेष्टा नाही करत, खरंच विचारतोय.

मित्रकीटक
भावा, डीएनए टेस्ट झाली, पण तो डीएनए जुळवणार कशाशी? आधी कुणीतरी किडा नीट ओळखून त्याचा डीएनए नोंदवलेला असतो आणि तो मूळ किडा कुठल्यातरी पेटीत ठेवलेला असतो, उद्या शंका आली तर परत काढून बघता येतो. फोटोचं म्हणशील तर मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचंच घे. मे २०१८ मध्ये शिवमोग्ग्याच्या कृषी-फलोत्पादन विद्यापीठातल्या लोकांना ती भारतात पहिल्यांदा सापडली. अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, हे आता शेतकरीही सांगतात, पण नवीन देशात नवीन कीड आली असं छापायचं तर तेवढ्यावर भागत नाही, पतंगांच्या नराचे जननावयव काढून मायक्रोस्कोपखाली बघतात आणि जोडीला डीएनए. फोटोतल्या पतंगाचं पोट फाडून बघता येत नाही ना. त्याच वर्षी ती आपल्याकडे सोलापूर भागात पण पोचली.

आणि 'सेम टू सेम' दिसतात ते भुंगे एकदा लेन्सखाली बघ, लहानमोठे, फिकटगडद, नर-मादी, एकाच जातीत किती फरक असतो हे एका नगावरून कसं कळणार.

पपईवाला_काका
मी शेतीवाला माणूस, पुस्तकी कमी. पण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं सांगतो, २००८ ला कोइम्बतूरला पहिल्यांदा दिसला, मग इकडे पण आला, बागाच्या बागा पांढऱ्या. पिठ्या ढेकूण सगळे दिसायला सारखेच, स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय जात कळत नाही. जात कळली म्हणून तर २०१० मध्ये पोर्टो रिकोहून नेमकी त्याचीच शत्रू असलेली बारीक गांधीलमाशी आणून सोडता आली, भलत्याच जातीची आणली असती तर तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. फवारण्यांवर आमचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या माशीने काम केलं. कोइम्बतूरला जाणार असाल तर तिथल्या कृषी विद्यापीठात २०१८ पासून किड्यांचं म्युझियम पण आहे, पोरांना न्या.

लंडन_पार्सल
इकडे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये १७०२ साली पकडलेलं एक फुलपाखरू आहे, तीनशे वर्षांवर झाली! पण मला भारी वाटलं ते ऑस्ट्रेलियातलं काम. मेंढ्यांना छळणारी ब्लोफ्लाय माशी, तिच्यावर मॅलेथिऑन हे कीटकनाशक चालेनासं झालं. तर त्यांनी ती औषधं वापरात यायच्या आधीच्या, टाचून ठेवलेल्या माश्यांतून डीएनए काढला आणि बघितलं तर मॅलेथिऑनला दाद न देणारा जीन तेव्हाच होता! डायझिनॉन या दुसऱ्या कीटकनाशकाचा मात्र नाही सापडला. ज्याने त्या माश्या टाचल्या त्याच्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं.

बांधावरचा_पोरगा
काका, लंडनवाले, भारी माहिती. मित्रकीटक दादा, मग माझ्या पेटीचा पुढे काही उपयोग होईल का, का परीक्षेनंतर कपाटावर?

मित्रकीटक
ते किड्याच्या लेबलवर अवलंबून आहे. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कुठल्या पिकावर, कुणी पकडला, एवढं हवंच, नावाचं नंतर बघता येतं. बॉलपेनने लिहू नको, उडतं, पेन्सिल किंवा काळी इंडिया इंक. भुंग्याला टाचणी उजव्या पंखाच्या कवचातून, मधोमध नको. मावा-पिठ्या टाचायच्या भानगडीत पडू नको, ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाक. आणि पेटीच्या तळाला बारीक भुसा दिसला की समज, आत दुसरा भुंगा शिरून तुझे भुंगे खातोय, पेटी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव. आईला आधी सांगून.