स्क्वॉड या ऑनलाइन युद्धाच्या गेममध्ये नवीन आहे, सारखा मरतोय, काय करू?

प्रश्न: आजवर नुसते पळत-मारत खेळायचे गेम खेळलो, आता स्क्वॉड घेतलाय तर गोळी कुठून आली तेच कळत नाही, आधी काय शिकू?

उत्तर: आधी पळणं कमी कर रे. स्टॅमिना संपला की बंदूक इतकी हलते की समोर उभा असलेलाही हुकतो. आणि टेकडीच्या माथ्यावरून कधीच चालू नको, मागे आभाळ असलं की लांबूनच दिसतोस, जरा खालून वळसा घे.

उत्तर: माईक हवाच! "तिकडे आहे" याचा काही उपयोग नाही, कंपासवरचा आकडा सांग, "२४० ला, भिंतीमागे दोघं", मग तुझी अख्खी तुकडी तिकडे बघते.

उत्तर: गोळी लागून पडलास तरी लगेच गिव्ह अप (म्हणजे मरण पत्करून पुन्हा नव्याने येणं) करू नकोस, मेडिकने उठवलं तर टीमचं तिकीट वाचतं, म्हणजे टीमच्या मोजक्या गुणांतला एक कमी होत नाही.