टीव्ही उशिरा सुरू होतो : दोष कपॅसिटरचा असेल का?

प्रश्न : एलसीडी टीव्हीचा स्टँडबाय दिवा लुकलुकत राहतो आणि चित्र बऱ्याच वेळाने येते. पॉवर सप्लाय बोर्डावरील दोन कपॅसिटरांचे (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचे) माथे फुगलेले दिसतात. तेवढेच बदलणे पुरेसे ठरेल का?

उत्तर १ : बहुधा ठरेल. २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक उत्पादकांच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांतील सदोष द्रावणामुळे आत हायड्रोजन वायू साचून ते फुगत आणि फुटत असत. चांगल्या प्रतीचे कपॅसिटरही सततच्या उष्णतेने सुकतातच. मायक्रोफॅरड (वीज साठवण्याची क्षमता) तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा किंचित जास्त असलेले, १०५ अंश सेल्सिअसचे लो-ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेले) कपॅसिटर घ्यावेत.

उत्तर २ : प्लग काढल्यावरही मुख्य फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब उरू शकतो, म्हणून मीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

उत्तर ३ : न फुगलेला कपॅसिटरही निकामी असू शकतो, शेजारचेही ईएसआर मीटरने तपासावेत.