व्हॅलोरंट: पाच जणांच्या खरेदीचा मेळ कसा बसवता? सल्ला हवा

राजेंद्रनगरी
मंडळी, मी इंदूरचा. व्हॅलोरंट, म्हणजे पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा व्हिडिओ गेम, खेळणारा आमचा पाच जणांचा जुना कंपू आहे, सगळे एकाच शाळेतले, तीन मराठी आणि दोन हिंदी. नेम कुणाचाच वाईट नाही. भांडणं होतात ती क्रेडिट्सवरून, म्हणजे दर राउंडला बंदुका घ्यायला मिळणाऱ्या गेममधल्या पैशांवरून.

मागच्या रविवारी एका कॅफेतल्या छोट्या स्पर्धेत पिस्तूल राउंड (हाफचा पहिला, सगळ्यांकडे फक्त ८०० असतात तो) हरलो. दुसऱ्या राउंडला मी काहीच घेतलं नाही. एकाने स्पेक्टर (मधल्या किमतीची बंदूक) उचलली, एकाने शेरिफ (महागडं पिस्तूल) आणि लाइट शील्ड (हलकं चिलखत). विचारलं तर उत्तर आलं, "भिया, अपना अपना देख लो." तिसऱ्या राउंडला कुणाकडे व्हँडल रायफल, कुणाकडे फुकटचं क्लासिक पिस्तूल. हाफ संपला ३-९ वर. मी घरचा काटकसरी, पैसे राखून असतो, पण एकट्याने राखून काय होणार? कधी वाचवायचं, कधी उधळायचं आणि हे ठरवायचं कुणी?

सराफा_रात्री_अकरा
पिस्तूल हरल्यानंतरचं गणित एकदा कागदावर मांडून बघ, भांडण निम्मं मिटेल. पहिली हार १९००, लागोपाठ दुसरी २४००, तिसरी आणि पुढची २९००. दुसऱ्या राउंडला हात आवरलात तर हरूनही १९०० अधिक २४०० म्हणजे ४३०० होतात. व्हँडल किंवा फँटम २९००, हेवी शील्ड १०००, झाले ३९००. वर ४०० उरतात, स्मोक-फ्लॅशला (धूर सोडणं, डोळे दिपवणं). पाचही जण तिसऱ्या राउंडला पूर्ण सजून.

आता तुमच्या स्पेक्टरवाल्याचं बघ. १६०० गेले, ३०० उरले, त्यात २४०० आले की २७००. व्हँडल-फँटम नाहीच. शेरिफ-शील्डवाला १२०० खर्चून ३१०० वर आला, म्हणजे रायफल आहे पण अंगावर काही नाही. दुसरा राउंड तुम्ही एकदाच हरलात, पण त्याची किंमत दोनदा मोजलीत.

किलचे २००, आणि हल्ल्यात असताना स्पाइक (बॉम्ब) लावली तर पाचही जणांना ३००-३००. म्हणून इकोतही (पैसे राखायच्या राउंडलाही) घोळक्याने साइटवर, म्हणजे स्पाइक लावायच्या जागी, घुसून लावायचा प्रयत्न करायचा. मेलात तरी पंधराशे घेऊन मेलात.

जिरावण_मारके
वरचं सगळं बरोबर, पण लोक खरे बुडतात ते पिस्तूल जिंकल्यावर. दुसऱ्या राउंडला हातात ३००० असतात. स्पेक्टर आणि हेवी शील्ड घेतलंत तर ४०० उरतात. तोही जिंकलात की ३४०० आणि हातात तीच स्पेक्टर. इथे खाज सुटते: "व्हँडल येते आहे ना, घेऊन टाक!"

घेऊ नका. तिसरा राउंड बोनस म्हणून त्याच स्पेक्टरवर खेळा. हरलात तरी १९०० मिळून ५३०० होतात आणि चौथ्याला सगळे सजलेले. व्हँडल आणि लाइट शील्ड घेऊन हरलात तर हातात २०००, म्हणजे जिंकलेली सुरुवात पुन्हा भिकेला. किलचे पैसे यात धरलेले नाहीत, ते आले तर चटणीला.

छप्पनचा_भिया
एवढी वहीखाती कोण मांडतं? आमच्या रँकला फोर्स मारतो, म्हणजे असतील तेवढे पैसे उडवून घुसतो. पाच शेरिफ, एकाच बाजूने घुसायचं. समोरचा गाफील असतो, चालून जातं.

सराफा_रात्री_अकरा
भिया, चालतं, कारण तुम्ही *पाचही* जण मारता. फोर्सला माझी ना नाही. दोघांचा फोर्स आणि तिघांची बचत, ही खिचडी नको.

सियागंजचा_मुनीम
मी स्वतः खेळत नाही, मुलगा खेळतो. जेवायला बोलवायला जातो आणि मागे उभा राहून बघत बसतो. वय हिशेबात गेलं, त्यामुळे माझी नजर बंदुकीवर न जाता आकड्यांवर जाते.

एक गोष्ट दिसते ती सांगतो. एका पोराकडे सात हजार पडून असतात आणि शेजारचा पिस्तूल घेऊन फिरत असतो. ९००० च्या वर तर रक्कम चढतच नाही, मग साठवून कुणाला दाखवायची? आमच्या बाजारात भिशी चालते, ज्याला निकड त्याने आधी उचलावी. तुमच्यात तर मागण्याची सोय खरेदीच्या पाटीवरच आहे. मुलाने दाखवलं, मागणाऱ्याने बंदुकीवर राइट क्लिक करायचं, देणाऱ्याने होकार दिला की ती थेट त्याच्या हातात. पण मागायची लाज वाटते आणि द्यायचं सुचत नाही. दोन्ही रोग आमच्याही धंद्यात आहेत.

आणखी एक. बारावा राउंड संपला की बाजू बदलते आणि जमा रक्कम जाते, पुन्हा सगळे ८०० वर. त्या राउंडला मागे पैसा ठेवणं म्हणजे लग्नघरी उरलेला मठ्ठा कुलुपात ठेवणं.

राजेंद्रनगरी
काका, तुमचं म्हणणं मुलाला कळवा, तो नशीबवान आहे. 🙂
अजून दोन शंका. आमच्यात एकाला ऑपरेटरचं (लांबून टिपायची स्नायपर बंदूक) वेड आहे, दर राउंडला ४७००. आणि हरत आलेल्या राउंडला लपून बंदूक वाचवायची की भिडायचं?

जिरावण_मारके
ऑपरेटर आणि हेवी शील्ड म्हणजे ५७००. हे त्याने *बाकी चौघांच्या* रायफली झाल्यावर बोलावं. बचावात, लांब गल्ली धरायची असेल तर घेऊ द्या. सलग दोनदा ती शत्रूच्या हातात दिली की पुढचे तीन राउंड स्वस्तातल्या गार्डियन रायफलवर. आमच्याकडे हा दंड लागू आहे, त्यावरून एक मैत्री तुटता तुटता वाचली.

सराफा_रात्री_अकरा
वाचवण्याचं. हल्ल्यात स्पाइक न लावता वेळ संपवून जिवंत राहिलात, किंवा बचावात स्पाइक फुटूनही जिवंत राहिलात, तर हारीच्या रकमेऐवजी फक्त १००० मिळतात. तरी २९०० ची रायफल हातात राहिली, ती धरून ३९००. म्हणून रायफल असेल तर लपा. हातात शेरिफ असेल तर हजारासाठी कोपऱ्यात बसू नका, जाऊन दोन किल काढायला भिडा, मेलात तरी १९०० येतील.

ठरवायचं कुणी, हे राहिलं. माझ्या मते स्मोकवाल्याने. पहिल्या भिडंतीत तो मागे असतो, डोकं थंड असतं. खरेदीला तीस सेकंद. पहिल्या पाचात त्याने एक शब्द बोलायचा: "इको", "फोर्स" किंवा "फुल". चर्चा नाही. टॅब दाबला की सगळ्यांची रक्कम दिसते, आणि पुढच्या राउंडला किमान किती मिळतील तेही खरेदीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तिथे ३९०० च्या खाली आकडा आला की हात मागे.

बडोद्याचा_रिकामटेकडा
काउंटर-स्ट्राइकवरून आलेला कुणी असेल तर त्याला आधी जुने आकडे विसरायला लावा. तिकडे हारीचे १४०० पासून ३४०० पर्यंत चढतात आणि मर्यादा १६००० ची. आमचा एक जण अजून त्याच हिशेबाने पैसे दाबून बसतो.

राजेंद्रनगरी
काल रात्री सगळे माझ्या घरी जमलो. आईने पोहे केले, जिरावण संपलं. रविवारच्या मॅचचं रेकॉर्डिंग लावलं आणि राउंडगणिक वहीत रक्कम लिहीत गेलो. स्पेक्टरवाल्याला झोडायची माझी पूर्ण तयारी होती.

बारावा राउंड आला. दोघे पिस्तुलावर, एक शील्डशिवाय, आणि एका बहाद्दराकडे ६२०० तसेच पडून. खोलीत कुणी काही बोलेना. मग ऑपरेटरवाल्याने पॉज करून स्क्रीनवर बोट ठेवलं.

नाव माझं होतं.

आजपासून स्मोक मी घेत नाही. शब्द स्पेक्टरवाला देणार.