साठीनंतर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन: घ्यावं की नाही?

रामबागवाला:
मंडळी, आपल्याकडे पुरुष हे बोलत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो. वय ६३, इंदूरलाच बँकेतून निवृत्त. दोन वर्षं अंगात त्राण नव्हतं, बायकोशी जवळीक संपली होती, हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर जात नव्हतं. जो तो म्हणे, 'वय झालं'. शेवटी हार्मोनच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा, सकाळी आठला उपाशीपोटी रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २१२ आणि २२६. साधारण ३००च्या खाली गेलं की कमी धरतात. प्रोस्टेट तपासून इंजेक्शन सुरू झालं. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन साडेतेरा, इच्छाही परत आली. अशा माणसाला 'वय झालं' म्हणून घरी पाठवणं अन्याय आहे.

लोकमान्यनगर:
काका, तुमचं रीतसर झालं. माझ्या थोरल्या भावाचं ऐका. वय ५४. जिममधल्या ओळखीनं एकच टेस्ट, तीही दुपारी जेवून: २९०. दुपारी ही पातळी उतरलेलीच असते, जेवणानं आणखी उतरते. तरी दर पंधरा दिवसांनी २५० मिलिग्रॅमची सुई सुरू! चार महिन्यांत चेहरा लालबुंद, डोकं जड, घोरणं इतकं की वहिनी रात्री उठून बसायच्या. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, निघालं ५७ टक्के. ५४च्या वर गेलं की औषध थांबवतात, पण मधे कुणी रक्त तपासलंच नव्हतं. बंद केल्यावर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लागेपर्यंत सहा महिने तो अगदी गळून गेला होता. आता रोज पहाटे मेघदूत बागेत चालतो. ११ किलो उतरले आणि सुईशिवाय ३७० आलं. पोट सुटलेल्या माणसाला आधी हे सांगायला नको?

रामबागवाला:
सांगायलाच हवं. पण चूक तपासणीची, औषधाची नव्हे. हार्ट अटॅकची भीती घालतात, तर २०२३चा ट्रॅव्हर्स अभ्यास बघा. हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेले ५,२००हून अधिक पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी. हृदयविकारानं मृत्यू, अटॅक, पक्षाघात मिळून औषधाचं जेल लावणाऱ्या गटात ७ टक्के, औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्या गटात ७.३.

लोकमान्यनगर:
पुढचंही वाचा ना. त्याच अभ्यासात अनियमित ठोके, फुप्फुसातली गुठळी आणि किडनीला इजा औषधाच्या गटात जास्त होती. हाडंही जास्त मोडली. हाडं बळकट होतील म्हणून घेणाऱ्यांनी काय समजायचं?

जेलरोडची माहेरवाशीण:
मी बायकोच्या बाजूनं लिहिते. आमच्या ह्यांना थकवा होता म्हणून तीन सुया दिल्या. तेलकट औषध, कमरेखाली गाठ यायची, रात्री मी शेकत बसायचे. फरक शून्य. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तर थायरॉईड! २०१६ साली ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवरचा अभ्यास आला, त्यातही इच्छा वाढली, पण थकव्याला म्हणावा तसा उपयोग नाही. लोक मात्र थकव्यासाठीच मागतात. काका, तुमचा आकडा खरा कमी होता, तुम्ही घ्या. नुसतं दमायला होतं म्हणून घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

रामबागवाला:
ताई, थकव्याचं मान्य. माझा थकवा बहुधा हिमोग्लोबिन वाढलं म्हणून गेला असेल. लोकमान्यनगर, शेवटचं हिमॅटोक्रिट ४९ होतं, पण त्याला पाच महिने झाले. सोमवारी पुन्हा रक्त देतो, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीही करतो. आकडे इथेच टाकीन.