'आस्तुरियास' मुळात गिटारसाठीच लिहिली आहे का?

प्रश्न (फोंडा): माझी मुलगी पणजीला गिटार शिकते. 'आस्तुरियास' ही रचना मुळात गिटारचीच आहे का, आणि त्यापूर्वी तिने काय वाजवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मडगाव): नाही. इसाक आल्बेनिस (१८६०–१९०९) यांनी ती पियानोसाठी लिहिली. परंतु वरचा एकच स्वर सतत छेडत खर्जात चाल फिरवण्याची तिची ठेवण स्पॅनिश गिटारचीच असल्यामुळे ती या वाद्यावर मुळीच उपरी वाटत नाही. गंमत म्हणजे नाव उत्तर स्पेनमधील प्रांताचे, रंग मात्र दक्षिणेतील आंदालुसियाचा.

उत्तर (डिचोली): आधी स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार फर्नांदो सोर यांचे अभ्यासपाठ घ्यावेत. स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार तार्रेगा यांच्या 'रेकुएर्दोस दे ला आलांब्रा' या रचनेची घाई नको, कारण तिथे अंगठा खर्ज सांभाळतो आणि तीन बोटे पाठोपाठ एकच स्वर छेडतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोरपासूनच आरंभ करू.