फक्त मोठ्या जोड्या नि एक्का-बादशा? पोकरमधल्या हेड्स-अपच्या री-रेजवर बोलूच

आर्वीकडचा:
काल इथं एका भावानं पोकरच्या हेड्स-अपबद्दल, म्हणजे दोघांच्याच डावाबद्दल, टाकलं, "दोघांच्या डावात बटणवाल्यानं रेज केला तर उलटा रेज फक्त दश्शीपासून वरच्या जोड्यांवर आणि एक्का-बादशावर मारावा. बाकी सारा जुगार." खाली अंगठ्यांची रांग. मला ते पाहून राहवलं नाही, म्हणून लांब लिहितो. नव्यांसाठी: रेज म्हणजे बोली वाढवणं, उलटा रेज (री-रेज) म्हणजे त्यावर आणखी वाढवणं, कॉल म्हणजे तेवढेच घालून पुढं जाणं, आणि बटणवाला म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरचा.

भाऊ, ती यादी नऊ जणांच्या टेबलावरची. दोघंच असले की बटणवाला फ्लॉपनंतर (मधली पहिली तीन पानं उघडल्यावर) शेवटी बोलतो, त्यामुळे तो दहापैकी सात-आठ हातांवर रेज करतो. आता तुझी यादी मोज. पाच जोड्या, प्रत्येकीचे 6 प्रकार, झाले 30. एक्का-बादशाचे 16. एकूण 46. दोन पानांचे सगळे प्रकार 1326. म्हणजे शंभर डावांत तू साडेतीनदा उलटा मारणार. चार बैठकीत समोरच्याला कळतं की याने उलटा मारला की पानं टाकायची. मग तुझ्या दोन एक्क्यांना पैसे कोण देणार?

एवढ्या हातांवर रेज करणाऱ्यासमोर एक्का-गुलाम, बादशा-राणी, नव्वीची जोडी हेही जोरदार हातच आहेत. त्यांच्या जोडीला थोडे दमदाटीचे हात, म्हणजे समोरच्यानं पानं फेकावीत म्हणून उलटे मारायचे, लागतात, आणि ते कोणते निवडायचे यातच खरी मजा आहे. मी एका रंगाची (दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक, अशी) एक्का-पंजी घेतो. माझ्या हातात एक्का आला की त्याच्याकडे दोन एक्के असण्याचे 6 प्रकार 3 वर येतात, एक्का-बादशाचे 16 चे 12 होतात. आणि त्याने कॉल केलाच तर मला वरचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागू शकतो, खालचा सरळ क्रम (एक्का ते पंजी) लागू शकतो. राणी-दश्शी एका रंगाची असली तर मी बहुतेकदा नुसता कॉल करतो. तिला उलटं मारलं आणि त्याने पुन्हा वर मारला, तर चांगला हात हकनाक फेकावा लागतो.

दर्यापूरचा कपाशीवाला:
तो भाऊ मीच. आता माह्यं ऐक. आम्ही ओसरीवर चिंचोके घेऊन खेळतो, दोघाईले 200-200, ब्लाइंड (पानं पायल्याबिगर घालाचे) 1 नि 2. बटणवाल्यानं 5 केले, मी 20 केले. माह्ये 2 आधीच आत होते, म्हणजे 18 चिंचोके नवे घातले, ते बी 7 जिंकासाठी. 25 त 18. शंभरात 72 वेळा त्यानं पानं फेकली तरच बराबरी. आमच्या गावात 72 वेळा कोन फेकते गा? पोट्टे दुर्री-सत्ती घेऊन पायतात!

मांगच्या शनिवारी लाइट गेली होती, मोबाइलच्या टॉर्चवर बसलो होतो. तुह्यासारखंच कोनाचं तरी ऐकून मी बादशा-नव्वीवर उलटा मारला. येगयेगळे रंग. भाच्यानं कॉल केला. फ्लॉपवर बादशा, सत्ती, दुर्री. मले वाटलं जमलं. मी 30 लावले, मंग 60. शेवटी त्यानं बादशा-राणी पलटवली. माह्याजवळचे चिंचोके त्यानं दोन ओंजळीत भरून नेले. थो टॉर्चच्या उजेडात हासत होता आन् मी रिकाम्या सतरंजीकडं पायत होतो. तवाच ठरवलं, जोड्या नि एक्का-बादशा, बस.

आर्वीकडचा:
72 चा हिशेब बरोबर आहे, पण तो कॉल झाल्यावर तू एकदाही जिंकत नाहीस असं धरून आहे. एक्का-पंजी एका रंगाची, समोर बादशांची जोडी असली तरी तीनातून जवळपास एकदा जिंकते. म्हणून 72 ची गरज बरीच खाली येते.

आणि बादशा-नव्वी घ्या असं मी कुठं म्हटलं? वेगवेगळ्या रंगाची बादशा-नव्वी म्हणजे फसवा हात. बादशा लागला तरी राणीवाला, गुलामवाला, एक्कावाला पुढं असतो. तुझी गोष्ट माझ्याच बाजूची आहे.

पुसदची ताई:
तुम्ही हातांचं बोलताय, पण जाऊ द्या म्हणून गप्प बसवत नाही. माझ्या चुलतभावानं 2024 च्या दिवाळीत 14 क्विंटल सोयाबीन विकलं. हमीभाव 4,892 होता, त्यानं त्याहून बऱ्याच कमीत व्यापाऱ्याला टाकलं, कारण मोबाइलवरच्या रमीचं देणं होतं. वहिनीला कळलं तेव्हा ती पऱ्हाटीत होती, कंबरेला कापसाची ओटी बांधलेली. ओटी न सोडता तशीच बांधावर बसून राहिली. "कौशल्याचा खेळ" हे अॅपवाल्यांचे शब्द मला सहन होत नाहीत.

वणीचा मास्तर:
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण कौशल्याचा खेळ आणि जुगार एकात घालू नका. रमी मुख्यतः कौशल्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं 1967 लाच म्हटलं. आपल्या राज्याच्या 1887 च्या जुगार कायद्यातही कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे.

पुसदची ताई:
मास्तर, पोकरबद्दल गुजरात उच्च न्यायालयानं 2017 ला उलटं सांगितलं, तेही लिहा ना. आणि ऑगस्ट 2025 चा केंद्राचा कायदा पैशाच्या ऑनलाइन खेळाला कौशल्य की नशीब हे विचारतच नाही. सरळ बंद. वर्षभर आधी आला असता तर आमचं सोयाबीन वाचलं असतं.

कपाशीवाला:
आन् पोळ्याचं काय? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाडाखाली तीन पत्ती खेळनाऱ्या चार म्हाताऱ्याईले उचलून नेतात. एकानं दिवसभर बैल सजवला होता, हाताले रंग तसाच होता. त्याले रातभर बसवून ठेवलं. अॅपवाले मात्र एवढे वर्ष टीव्हीवर जाहिराती करत होते. कोनी बोललं?

मास्तर:
ते म्हातारे पैसे लावून खेळत होते. तीन पत्तीला कलम 13 लागू होत नाही.

कपाशीवाला:
दहा-दहा रुपये, मास्तर! तुमी कलम घेऊन बसा. त्या बुढ्याची सून ठाण्यात जाऊन रडली थे कोनत्या कलमात हाये?

मास्तर:
आवाज चढवून कायदा बदलत नाही. पण रात्रभर बसवायला नको होतं, एवढं मान्य.

पुसदची ताई:
चिंचोक्यांवर खेळा, माझी हरकत नाही. मुलांसमोर "यात पैसा आहे" असं मात्र म्हणू नका. माझा भाऊ तिथूनच सुरू झाला.

आर्वीकडचा:
ताई, हे मी मानतो. "पैसे कोण देणार" असं मीच वर लिहिलं, तिथं चिंचोके म्हणायला हवं होतं.

कपाशीवाल्या दादा, आता तुझ्या पोट्ट्यांकडं ये. ते दुर्री-सत्तीवर कॉल करतात ना? मग दमदाटी बंद, एक्का-पंजी बाहेर, तुझं म्हणणं बरोबर. पण तुझी यादी आकसायला कशाला पाहिजे? जो काहीही घेऊन पाहतो त्याच्यासमोर एक्का-दश्शी, बादशा-गुलाम, अठ्ठीची जोडी या सगळ्यांवर उलटा मारायचा, कारण तो यांच्याहून हलक्या हातावर चिंचोके घालतोय. न फेकणाऱ्यासमोर 46 प्रकारांवर थांबणं म्हणजे बोंडं फुटलेली असताना वेचायला न जाणं.

मास्तर:
2017 ला पिट्सबर्गमध्ये लिब्रेटस या संगणकानं चार व्यावसायिकांना 1,20,000 हेड्स-अप डावांत हरवलं. तोही मोठ्या जोड्यांपुरता थांबत नव्हता.

कपाशीवाला:
तिथं समोर पानं फेकनारे लोक होते, मास्तर. माह्या भाच्याले थे लागू नाई.

पन आर्वीवाल्या, शेवटचं तू बोलला थे डोक्यात बसलं. थो दुर्रीवर पायते आन् मी बादशा-राणी घेऊन नुसता कॉल करून राह्यलो, हे चुकलंच. या शनिवारी बादशा-राणी, एक्का-दश्शी, अठ्ठीची जोडी उलटतो. एक्का-पंजी नाई. थे तू तुह्या आर्वीत मार.