जामीन होऊन ४१ दिवस झाले, पोरगा अजून आतच. जामीनदार कुठून आणू?

अन्नपूर्णा_मेस (१५ जानेवारी, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. एमआयडीसीच्या फाट्याजवळ माझी मेस आहे, रोजचे साठेक डबे. डबे पोचवायला दोन वर्षं एक पोरगा होता. वय २०, बीडकडचा. खरं नाव लिहीत नाही, बाळू म्हणू.

दिवाळीच्या आधी बाळूने स्टँडमागे एकाकडून साडेचार हजाराला जुना मोबाइल घेतला. बिल नाही, खोका नाही. मी म्हटलं होतं, अरे खोका तरी माग. फोन निघाला कुणाच्या तरी हातातून हिसकावलेला. मालकाने सरकारी पोर्टलवर फोनचा ओळख-नंबर (आयएमईआय) टाकून ठेवला होता. याने सिम घातलं आणि आठवड्यात पोलीस दारात. साडेबाराची वेळ, निम्मे डबे भरायचे राहिलेले. विकणारा काही सापडला नाही, हा सापडला.

५ डिसेंबरला जामीन झाला. विधी सेवेच्या वकीलबाई होत्या, एक रुपया घेतला नाही. मी वेडी, पेढे घेऊन गेले, वाटलं संध्याकाळी घरी येईल. मग कळलं, १५,००० चा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार लागतो. तिथपासून गाडी अडकलीय ती अडकलीय.

आईबाप कोयता घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला, उचल घेतलेली, हंगाम संपल्याशिवाय मुकादम सोडत नाही. गावात एक एकर आहे, पण सातबारा आजोबाच्या नावावर. आजोबा वारले, वारसनोंद कुणी केली नाही. कोर्टात एकाने सांगितलं, जामीनदार इथलाच पाहिजे, घरपट्टीची पावती नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला आणा. आमचं घर भाड्याचं, गाळा भाड्याचा. माझ्या नावावर एक स्कूटी आणि गॅसचं कार्ड.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, सहा हजार द्या, सातबारावाला उभा करतो, उद्या पोरगा बाहेर. आमचे हे म्हणतात, कशात पडू नकोस, तो पळाला तर तू आत जाशील. खरंच असं होतं का? मी जामीनदार राहू शकते का?

काल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन तुरुंगात मुलाखतीला, त्याला भेटायला गेले. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून परत आणला.

नाशिकचा_बंडू

ताई, काळजी नको. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलम ४७९, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षा भोगली की सोडावंच लागतं.

काळा_कोट

बंडूभाऊ, कलम बरोबर, हिशोब लावा. चोरीचा माल घेतल्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे एक वर्ष. ताईंनी आणखी नऊ महिने तिळगूळ परत आणायचा का?

ताई, पहिलं काम. जामिनाच्या ऑर्डरची नक्कल काढा आणि त्यात 'स्थानिक' हा शब्द आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बऱ्याच वेळा तो ऑर्डरमध्ये नसतो, खिडकीवरच्या बाबूच्या तोंडी असतो. असला तरी बदलून मागता येतो. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. जामीनदार भाऊ, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारलेला, वर रक्कम दहा हजार. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराची अट हे सुटका लांबायचं एक कारण आहे, ती घालू नये. आणि जामीन होऊन महिन्यात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करायचा विचार करू शकतं. तुमचा महिना ५ जानेवारीलाच भरला.

दुसरं. वकीलबाईंना 'प्रोव्हिजनल कॅश बेल'चा अर्ज द्यायला सांगा. म्हणजे १५,००० रोख भरायचे, पोरगा बाहेर, जामीनदार द्यायला चारेक आठवड्यांची मुदत. देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात, पण एवढ्या रकमेला सहसा नाही म्हणत नाहीत.

यजमानांना सांगा, जामीनदार आरोपीच्या बदल्यात तुरुंगात जात नाही. पोरगा तारखेला आला नाही तर तुम्हाला नोटीस येते, खुलासा मागतात, नाही पटला तर लिहून दिलेली रक्कम वसूल करतात. धोका १५,००० चा आहे; ती रक्कम वसूलच झाली नाही, तर मात्र कोर्ट जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतं. तो खरा आहे, हलका समजू नका. पुढे भरवसा उडाला तर अर्ज करून जामीनकीतून मोकळंही होता येतं.

टपरीवाल्याच्या नादी लागू नका. एकच सातबारा दहा जणांना लावलेला असतो. पकडला गेला की त्याच्याबरोबर तुम्हीही.

जाता जाता. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस देऊन बोलवायचं, अटकच करायची तर कारण लेखी नोंदवायचं, हे २०१४ पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय, नव्या कायद्यातही कलम ३५ मध्ये आहे. दाराशी आलेल्यांनी असा कागद दिला होता का?

मोबाइल_गेलेला

माझाही फोन असाच रिक्षातून ओढला. हप्ते अजून भरतोय. साडेचार हजारात असला फोन कोण विकतं हे पोराला कळत नव्हतं? सगळ्यांना चोराचाच कळवळा.

अन्नपूर्णा_मेस

दादा, तुमचा राग समजतो. चूक केली असेल तर कोर्ट शिक्षा देईल, मी कुठे नाही म्हणते. पण कोर्टानेच सोड म्हटलंय ना. तो आत आहे तो फोनमुळे नाही, मेलेल्या आजोबाच्या सातबाऱ्यामुळे.

काळा कोट साहेब, नोटीस वगैरे काही नाही. 'चल, सही करून ये' एवढंच.

जुना_पहारा

मी कारागृहात २७ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. कच्च्या कैद्यांत, म्हणजे खटला अजून न संपलेल्यांत, असे बाळू प्रत्येक बराकीत बघितले. जामीन झालेला, नेणारं कुणी नाही. पहिले आठ दिवस गेटकडे बघतात, मग बघायचं सोडतात. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यात देशभरात ५,७३,२२० बंदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. चारातले तीन.

वकील बोलले त्यात भर. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, तेही २०२३ च्याच आदेशात आहे. कळवलं का, ते प्राधिकरणात जाऊन विचारा. फोन १५१००. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही २०२३ मध्येच आली, तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनाला ४०,००० पर्यंत होती. समिती बसायला वेळ लागतो, पण अर्ज टाकून ठेवा.

पैसे भरले तर ऑर्डर दुपारीच पोचेल असं बघा. संध्याकाळी कैदी बराकीत बंद केले की गेट उघडत नाही. २०२१ मध्ये शाहरुखच्या पोराचा कागद वेळेत पोचला नाही, तर त्यालाही आणखी एक रात्र आर्थर रोडला काढावी लागली.

अन्नपूर्णा_मेस

त्याला जामीनदार जुही चावला होती हो. बाळूला स्कूटीवाली काकू.

अन्नपूर्णा_मेस (३० जानेवारी)

कळवायचं राहिलं. नक्कल काढली. तीन वेळा वाचली, वकीलबाईंकडूनही वाचून घेतली. 'स्थानिक' शब्दच नाही! ४१ दिवस मी एका ऐकीव शब्दापायी तहसीलच्या चकरा मारल्या.

रोख भरायची परवानगी सोमवारी मिळाली. भिशी या महिन्यात माझी लागली होती, त्यातून १५,००० भरले. ह्यांना भरल्यावर सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, मग परवा स्वतःच गाडी काढून गेटवर आले. पावणेसातला बाळू बाहेर आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, चप्पल दुसऱ्याचीच. गाडीत बसल्यावर पहिलं विचारलं, काकू, डबे कोण टाकतंय?

योजनेच्या अर्जाचं अजून उत्तर नाही.

आता चार आठवड्यांत जामीनदार द्यायचाय. मीच राहते म्हणते. स्कूटीचं आरसी बुक चालेल का?

काळा_कोट

बऱ्याच ठिकाणी चालतं. गाडीची किंमत रकमेपेक्षा जास्त हवी, कर्ज फिटलेलं हवं. मूळ आरसी, रेशनकार्ड, आधार, दोन फोटो. झेरॉक्सवर भागवू नका. आणि बाळूच्या पुढच्या तारखेला त्याच्यासोबत कुणीतरी जा.

अन्नपूर्णा_मेस

तारीख ११ फेब्रुवारी. त्या दिवशी डबे अकरालाच निघतील, गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय.